जर्मनीला निघालेल्या नर्सला: तिथलं रोजचं जगणं कसं असतं?

खानापूर तालुक्यातल्या एका मुलीनं मला विचारलंय. बी.एस्सी. नर्सिंग झालेली, बेळगावातल्या एका हॉस्पिटलात स्टाफ नर्स, जर्मन भाषेची बी-वन ही मधल्या पातळीची परीक्षा पास, तिच्या वरच्या बी-टूचा अभ्यास चालू, आणि दक्षिण जर्मनीतल्या एका हॉस्पिटलाचं पत्र हातात. ती लिहिते, "अक्का, पगार किती, सुट्टी किती हे एजंटनं सांगितलंय. पण तिथं रोज जगायचं कसं असतंय ते कोण सांगत नाही. माणसं कशी आहेत? आपल्याला आपलं म्हणतात काय? आई म्हणते, तिकडं कोण कोणाचं नसतंय. खरं काय ते लिहा."

माझं माहेर बेळगावातलं शहापूर. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात, श्वाबेन भागातल्या एका लहान शहरात मी बरीच वर्षं वॉर्डात काम करते आहे. परदेशातून नव्यानं आलेल्या नर्सेसना हाताखाली घेऊन शिकवायचं कामही माझ्याकडंच असतं. त्यामुळं हे उत्तर लांबणार, पण सावकाश वाच.

आईला आधी एवढं सांग. आपल्याकडं अडीनडीला भाऊबंद धावून येतात, शेजारी येतात, गल्लीतल्या मंडळाची पोरं येतात. तिथं त्यातली बरीचशी कामं कायदा, विमा आणि संस्था करतात. म्हणून माणूस माणसाच्या दारात गरजेपोटी फारसा जात नाही. नव्या मुलीला हा कोरडेपणा वाटतो आणि आपण कुणालाच नको आहोत असं ती मनात धरून बसते. तसं नसतं. माणसं तिथंही माणसांचीच असतात, पण त्यांच्यापर्यंत पोचायचा रस्ता वेगळा आहे आणि तो भाषेवरून जातो.

सुरुवात वॉर्डापासून करते, कारण पहिलं वर्ष तुझं जगणं म्हणजे वॉर्डच असणार आहे.

आज तू ड्यूटीवर काय करतेस? आयव्ही लावणं, इंजेक्शनं, औषधं, मॉनिटर, डॉक्टरांच्या राउंडला फाइल घेऊन उभं राहणं. पेशंटला पुसणं, भरवणं, लुगडं बदलणं, हे घरची माणसं करतात नाहीतर आयाबाई. कॉटखाली चटई टाकून झोपलेली बायको, गावाकडनं डबा घेऊन पहिल्या बसनं आलेला भाऊ, व्हरांड्यात बसून राहिलेली चार माणसं, यांच्यावर आपल्या हॉस्पिटलांचा निम्मा गाडा चालतो. जर्मनीत ही माणसं नसतात. नातेवाईक दुपारी भेटायला येतात, थोडा वेळ बसतात आणि घरी जातात. रात्री पेशंटजवळ झोपणारं कुणी नसतं. म्हणून त्यांचं सगळं काम नर्सकडं येतं.

सकाळची पाळी साधारण सहाच्या सुमाराला सुरू होते. रात्रपाळीकडून माहिती घेऊन झाली की पहिलं काम पेशंटची आंघोळ, म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत अंथरुणावर अंग पुसणं. कोमट पाणी घ्यायचं आणि किती गरम हवं ते पेशंटलाच विचारायचं. कमरेवरच्या अंगाला एक कापड आणि एक टॉवेल, कमरेखाली दुसरं कापड आणि दुसरा टॉवेल, त्यांची अदलाबदल चालत नाही. जेवढं अंग पुसतेस तेवढंच उघडं ठेवायचं, बाकीचं झाकलेलं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पेशंटला जे स्वतःला जमतं ते त्यालाच करू द्यायचं. उजवा हात हलत असेल तर तोंड त्यानंच पुसायचं, मग पाच मिनिटं जास्त लागली तरी चालतील. आपल्या मुली मायेपोटी भराभर सगळं करून टाकतात आणि तिथली सीनियर म्हणते, अगं, तू त्याचा हात निकामी करतेस.

यावर आपल्या बहुतेक मुली पहिल्या महिन्यात रडतात. "चार वर्षं डिग्री करून आयाचं काम करायला आले काय?" त्यातून बऱ्याच वॉर्डांत शिरेत सुई लावायचं काम डॉक्टर करतात. त्यामुळं आपलं हातातलं कौशल्य काढून घेतल्यासारखं वाटतं. म्हणून यामागचं कारण आधीच समजून घे. जर्मनीत नर्स व्हायला बहुतेक जण कॉलेजची पदवी घेत नाहीत, तीन वर्षांचं पगारी प्रशिक्षण घेतात. १ जानेवारी २०२० पासून नवा कायदा लागू झाला. त्यानं मोठ्यांची, मुलांची आणि म्हाताऱ्यांची शुश्रूषा ही वेगवेगळी प्रशिक्षणं एकत्र आणली. त्याच कायद्यानं ठरवलंय की पेशंटला कोणती शुश्रूषा लागते ते ओळखणं, तिची आखणी करणं आणि ती नीट होते का ते बघणं हे काम फक्त प्रशिक्षित नर्सचं. ते दुसऱ्या कुणावर सोपवता येत नाही. म्हणजे अंग पुसण्याला तिथं हलकं काम समजत नाहीत. त्या पंधरा मिनिटांत पाठीवरची लालसर झालेली कातडी दिसते, श्वास कसा चाललाय ते कळतं, काल बोलणारा माणूस आज गप्प का आहे ते कळतं. माझ्या मते नर्सिंगचा गाभा तिथंच आहे, आणि आपल्याकडं आपण तो नातेवाइकांवर टाकून मोकळे झालोय.

डॉक्टरांशी बोलणं हा दुसरा धक्का. आपल्याला "हो सर" म्हणायची सवय. तिथं डोस चुकीचा वाटला तर तू बोलायचंस, आणि नाही बोललीस तर दोष तुझाही धरतात. आवाज चढवायचा नाही, मान खाली घालायची नाही, कारणासकट सांगायचं. सहकाऱ्यांना अरेतुरे करतात, पेशंटला मात्र नेहमी अहो-जाहो, मग तो विसरभोळा झालेला नव्वदीचा आजोबा का असेना. आपण प्रेमानं "काय बाबा, जेवलास काय" म्हणतो तसं चालत नाही. त्याला ते अपमानाचं वाटतं.

आजारी पडलीस तर घरी राहायचं. सहा आठवड्यांपर्यंत पूर्ण पगार मालक देतो, त्यापुढं आरोग्य विमा संस्था पगाराचा ठरलेला हिस्सा देते. अंगात ताप घेऊन कामावर आलीस तर कुणी शाबासकी देणार नाही, वॉर्डप्रमुख परत घरी पाठवेल. आपल्याला सुरुवातीला सुट्टी मागतानासुद्धा ओशाळल्यासारखं होतं. तिथं तो हक्क आहे, आणि सगळे तो निवांत घेतात.

मरणाबद्दलही लिहिते, कारण वृद्धांच्या वॉर्डात ते रोजचं आहे. बरेच म्हातारे पेशंट सोबत एक सही केलेला कागद आणतात: मी बेशुद्ध झालो, बरा होण्याची आशा नसली, तर मला मशीनवर ठेवायचं की नाही, नळीनं भरवायचं की नाही. २००९ पासून या कागदाला कायद्याचा भक्कम आधार आहे आणि डॉक्टरांना तो पाळावा लागतो. आपल्याकडं हा निर्णय कोण घेतं? थोरला मुलगा, गावचा कुणी शहाणा माणूस, नाहीतर बिल किती झालंय ते बघून सगळे मिळून. पेशंटला कुणी विचारत नाही. तिथल्या समाजातली मला सगळ्यात जास्त पटलेली गोष्ट हीच. त्याच वॉर्डात असेही म्हातारे बघशील, ज्यांचा मुलगा दोन तासांवर राहतो आणि महिन्यातून एकदा येतो. शेवटच्या रात्री हात धरायला तूच असशील. माणूस गेला की आमच्या वॉर्डात खिडकी उघडायची जुनी रीत अजून पाळतात. नव्या मुलीला मी सांगते, खिडकी उघड आणि दोन मिनिटं थांब, पुढचं काम नंतर.

यावरून "बघा, पोरं आईबापाला टाकतात" असं आपल्याकडं म्हणतात. मला ते पटत नाही. १९९५ पासून तिथं शुश्रूषेचा वेगळा विमा आहे. प्रत्येक नोकरदाराच्या पगारातून त्याचा हप्ता कापला जातो, तुझ्याही कापला जाईल. म्हातारपणी परावलंबन किती आहे ते तपासून पाचपैकी एक श्रेणी मिळते आणि त्याप्रमाणे पैसे किंवा घरी येणारी मदत मिळते. तरीही वृद्धाश्रमाचा खर्च भागला नाही तर सरकार उरलेला भार उचलतं, आणि २०२० पासून मुलांकडून वसुली होते ती फक्त ज्यांचं वर्षाचं उत्पन्न एक लाख युरोंच्या वर आहे त्यांच्याकडून. म्हणजे लेकानं बापाला सांभाळलंच पाहिजे ही सक्ती समाजानं स्वतःच्या अंगावर घेतली. त्यातून म्हाताऱ्यांना लाचारी राहिली नाही आणि एकटेपणा वाढला. दोन्ही खरं आहे. सुनेच्या डोळ्यांसमोर एकेका भाकरीसाठी ओशाळं होऊन बसलेली माणसं मी आपल्या गावांतही बघितली आहेत. म्हणून एक समाज मायाळू आणि दुसरा निष्ठुर असा निकाल माझ्याच्यानं देववत नाही.

आता घर. पोचल्यावर दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेत आपला पत्ता नोंदवायचा असतो, आणि त्यासाठी घरमालकाचं सहीचं पत्र लागतं. बँक, विमा, कराचा नंबर, राहण्याचा परवाना, सगळं या नोंदणीवर अडतं. भाडं ठरवताना नुसतं भाडं किती आणि पाणी-हीटर धरून किती, हे दोन्ही आकडे विचार. अनामत तीन महिन्यांच्या नुसत्या भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही. रेडिओ-टीव्हीसाठी दर घरामागं महिन्याला १८.३६ युरो भरायचे असतात, मग तुझ्याकडं टीव्ही असो वा नसो. त्याचं पत्र आलं की घाबरू नकोस आणि फेकूनही देऊ नकोस. एकूणच तिथं आलेलं प्रत्येक पत्र उघडायचं, तारीख बघायची, फायलीला लावायचं. फोन, जिम, इंटरनेट यांचे करार मुदतीत लेखी कळवल्याशिवाय बंद होत नाहीत. "आपण बोललो होतो की" याला काही किंमत नाही.

श्वाबेनमध्ये एक खास रीत आहे. एका जिन्यावर राहणाऱ्या बिऱ्हाडांनी पाळीपाळीनं जिना, दारासमोरची फरशी, कचऱ्याच्या डब्यांची जागा झाडून-पुसून घ्यायची. ज्याची पाळी त्याच्या दाराला पाटी लटकते आणि आठवडा संपला की ती शेजारच्या दाराला जाते. ही पाटी तुझ्या दाराला आली की जिना नीट पूस, कोपरे आणि कठड्याखालची धूळसुद्धा. खालच्या मजल्यावरची बाई बघत असते. पहिली दोन-तीन वर्षं तिच्या लेखी तुझी ओळख एवढीच, जिना कसा पुसते. मी हे तक्रार म्हणून सांगत नाही. तिथं विश्वास असाच मिळतो, लहान ठरलेली कामं न चुकता करून. आपल्याकडं कुणाची कोण, कुठल्या गल्लीतली, कुणाच्या घरातली यावरून पत ठरते. तिथं तुझं घराणं कुणाला ठाऊक नाही. तुझी पत तू स्वतः तयार करणार, आणि मला यात एक मोकळेपणा वाटतो. विशेषतः आपल्या मुलींसाठी.

रात्री दहा ते सकाळी सहा शांतता. रविवारी तर दिवसभर ड्रिल नाही, हातोडा नाही, मोठ्यानं गाणी नाहीत. रविवारची विश्रांती त्यांच्या राज्यघटनेनंच राखून ठेवली आहे, म्हणून दुकानंही बंद. रेल्वे स्टेशन, पेट्रोल पंप आणि बेकऱ्या सोडल्या तर काही मिळत नाही, तेव्हा शनिवारी दूध-भाजी भरून ठेव. गणपतीत, शिवजयंतीच्या चित्ररथांना रात्र जागवणाऱ्या आपल्या गावातून गेलं की ही शांतता पहिले काही रविवार अंगावर येते. नंतर तीच हवीशी होते. माझ्या ओळखीत असं झालं नाही अशी मुलगी विरळाच.

कचऱ्याचं वर्गीकरण चार-पाच डब्यांत, गावागणिक नियम वेगळे. नगरपालिकेचं पत्रक स्वयंपाकघरात चिकटव. पेयाच्या एकदाच वापरायच्या प्लॅस्टिक बाटलीवर आणि कॅनवर २५ सेंट अनामत असते, दुकानातल्या मशीनला परत दिली की पैसे मिळतात.

माणसांकडं वळते. तुझ्या वाढदिवसाला सहकारी केक आणणार नाहीत, तूच केक घेऊन जायचा असतो. मग सगळ्या नर्सेस दहा मिनिटं बसून खातील, छान बोलतील. कुणाला वाढदिवसाच्या आधल्या दिवशी शुभेच्छा देऊ नकोस, ते अशुभ मानतात. "कधीतरी ये घरी" असं ते तोंडदेखलं म्हणत नाहीत. बोलावलं तर तारीख, वेळ सगळं ठरवून बोलावतात, आणि चारचं बोलावणं असलं तर चारलाच जायचं. आपल्याकडं दारात आलेल्याला चहा पाजल्याशिवाय सोडत नाहीत, तिथं न कळवता दारात जातच नाहीत. म्हणून ओळख व्हायला वर्ष-दोन वर्षं जातात. पण एकदा झाली की ती माणसं टिकतात. मला घर बदलायचं होतं तेव्हा वॉर्डातले सहा जण सुट्टीच्या दिवशी येऊन कपाटं उचलून गेले, आणि त्यांनीच आधी विचारलं होतं.

लवकर ओळख व्हायची असेल तर मंडळात जा. त्यांच्याकडं नोंदणीकृत मंडळं सहा लाखांच्या आसपास आहेत: गाण्याचं, फुटबॉलचं, डोंगर चढायचं, बागकामाचं, स्वयंसेवी अग्निशमन दलाचं. गावातला खरा मेळ तिथं बसतो. रविवारी एकटी खोलीत बसून आईला व्हिडिओ कॉल लावून रडणारी मुलगी आणि गावच्या गाण्याच्या मंडळात जाणारी मुलगी, या दोघींच्या जर्मनमध्ये आणि मनाच्या उभारीत वर्षभरात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. आपल्या भागातल्या मुलींचा गळा चांगला असतो, भजनात तयार झालेला. त्याचा उपयोग कर. सूर लावायला व्याकरण लागत नाही.

मोठ्या शहरांतून मराठी मंडळंही आहेत, गणपती होतो, दिवाळी होते. जरूर जा. मल्याळी नर्सेस तर १९६० च्या दशकापासून तिथं आहेत, केरळमधल्या चर्चच्या ओळखीनं गेलेल्या. त्यांची आता नातवंडं जर्मन शाळांत शिकतात. त्या बायकांकडून फार शिकण्यासारखं आहे. एवढंच बघ की सगळी उठबस फक्त आपल्यातच होऊ देऊ नकोस. जेवणाची चिंता नको. तांदूळ, डाळी, मसाले भारतीय किंवा तुर्की दुकानांत मिळतात, संध्याकाळी ब्रेड-चीज खायची सवय होते, आणि ज्वारीचं पीठ जाताना थोडं घेऊन जा.

आता ज्या गोष्टीवर मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे ती. भाषा.

तिथल्या प्रशासनाच्या कायद्यात स्पष्ट लिहिलंय की कामकाजाची भाषा जर्मन. ऑफिसमधल्या बाईला इंग्रजी येत असलं तरी ती जर्मनमध्येच बोलेल. हे ऐकून आपल्या भागातली माणसं लगेच म्हणतात, "इथंही तेच, तिथंही तेच." उतारा कन्नडमध्ये, नोटीस कन्नडमध्ये, बसची पाटी कन्नडमध्ये, हे आपण जन्मापासून बघतोय. पण हे दोन एकच समजू नकोस. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव, खानापूर, निपाणी हा भाग मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला तेव्हा आपले आजे-पणजे इथंच होते, कुठून आले नव्हते. इथं मराठीत कागद मागणं हा या मातीतल्या माणसाचा हक्क आहे, आणि महाराष्ट्रानं २००४ साली सुप्रीम कोर्टात घातलेला दावा काय लागायचा तो लागो, त्यानं आपल्या भाषेचा अधिकार कमी होत नाही. जर्मनीत आपण आपल्या मर्जीनं, पगारासाठी गेलो. तिथं जर्मन शिकणं हे कुणी लादलेलं नाही, ते आपण केलेल्या कराराचा भाग आहे. सीमाभागातली काही मुलं इथली सल घेऊन तिथं जातात आणि भाषेचा प्रत्येक आग्रह अपमान समजून बसतात. ते ओझं इथंच ठेवून जा.

आणि जर्मनीतलाच एक सीमाभाग तुला सांगते, तिथं सुट्टीत मी मुद्दाम गेले होते. उत्तरेला डेन्मार्कच्या हद्दीवर फ्लेन्सबुर्ग नावाचं शहर आहे. १९२० साली तिथं सार्वमत घेऊन हद्द ठरवली. उत्तरेकडचा पट्टा डेन्मार्कला गेला, फ्लेन्सबुर्गचा पट्टा जर्मनीत राहिला. दोन्हीकडं दुसऱ्या भाषेची माणसं उरली, अगदी आपल्यासारखी. १९५५ साली दोन्ही सरकारांनी आपापल्या बाजूनं जाहीरनामे काढले. त्यात एक वाक्य असं आहे की मी डॅनिश आहे असं कुणी म्हटलं तर सरकारी अधिकाऱ्यानं त्याची तपासणी करायची नाही, त्यावर वाद घालायचा नाही. तिथं डॅनिश शाळा आहेत, त्यांना सरकारी पैसा मिळतो. १८६९ पासून निघणारं डॅनिश वर्तमानपत्र अजून चालू आहे. संसदेत जागा मिळायला पक्षाला निदान पाच टक्के मतं लागतात, ती अट या डॅनिश लोकांच्या पक्षाला लागू होत नाही, आणि २०२१ साली त्यांचा एक खासदार जर्मन संसदेत निवडून गेला. पूर्वेकडं सोर्ब नावाचे अल्पसंख्य लोक आहेत. त्यांच्या भागात रस्त्यांच्या पाट्या दोन भाषांत आहेत, आणि त्यांच्यातलाच एक जण, स्टानिस्लाव टिलिश, २००८ ते २०१७ सॅक्सनी राज्याचा मुख्यमंत्री होता. म्हणजे जे जर्मन प्रशासन माझ्यासारख्या आलेल्या बाईला जर्मनच बोल म्हणतं, तेच तिथल्या मातीतल्या दुसऱ्या भाषांना शाळा, पाट्या आणि प्रतिनिधी देतं. फ्लेन्सबुर्गच्या रस्त्यांवर फिरताना माझ्या मनात सारखं बेळगाव येत होतं. दोन पाट्या लावल्यानं कुठलं राज्य मोडत नाही, हे मी तिथं डोळ्यांनी बघितलंय.

आपल्या मुलींना एक गोष्ट मात्र सहज जमते. घरी मराठी, बसमध्ये कन्नड, दुकानात हिंदी, कॉलेजात इंग्रजी, आणि खानापूर-लोंढ्याकडची असली तर कोकणीही. वाक्य अर्धं चुकलं तरी बोलत राहायचं धाडस तुझ्या अंगात आधीपासून आहे. एका भाषेत वाढलेल्या मुलींना तेच शिकवायला मला महिने लागतात. बी-टू झाल्यावरही श्वाबेनचे म्हातारे बोलतात ते कळणार नाही, कारण त्यांची बोली पुस्तकातल्या जर्मनपासून फार लांब आहे. कळलं नाही तर "परत सांगा" म्हण. हसून मान डोलावलीस तर चुकीचं औषध जाऊ शकतं.

आपलं म्हणतात काय, असं विचारलंस. काही म्हणतात, काही कधीच म्हणणार नाहीत. परदेशी आडनाव ऐकून भाड्याची खोली "आत्ताच गेली" असं सांगणारे आहेत. "मला जर्मन नर्स पाठवा" म्हणणारा पेशंट भेटेल. आमच्या वॉर्डात असं झालं तेव्हा वॉर्डप्रमुखानं शांतपणे सांगितलं, ड्यूटीवर जी आहे तीच तुमची नर्स. भेदभावाविरुद्ध २००६ पासून कायदा आहे, त्यामुळं नोकरीत किंवा घर बघताना असं काही झालं तर लिहून ठेव आणि तक्रार कर. फेब्रुवारी २०२५ च्या निवडणुकीत स्थलांतराला विरोध करणारा एएफडी हा पक्ष वीस टक्क्यांच्या वर मतं घेऊन दुसरा आला. त्या वेळी आमच्याकडच्या परदेशी नर्सेस धास्तावल्या होत्या, आणि ती धास्ती मला खोटी वाटत नाही. त्याच वेळी आमच्या वॉर्डात एका पाळीला निम्मा स्टाफ बाहेर देशातला असतो. हे दोन्ही तिथं एकत्र नांदतंय. तू ते ओळखून जा, भिऊन जाऊ नकोस.

निघण्याआधीच्या दोन गोष्टी. आपल्या सीमाभागातल्या मुलींची एक खास अडचण असते. शाळेच्या दाखल्यावर मराठीतलं नाव एक, कन्नड जन्मदाखल्यावरून इंग्रजीत आलेलं स्पेलिंग दुसरं, पासपोर्टवर तिसरं. जर्मन अधिकाऱ्याला या तीन वेगळ्या बायका वाटतात. कर्नाटकातला पत्ता असल्यामुळं तुझं व्हिसाचं काम बेंगळुरूला, नर्सिंग कौन्सिलचं कामही बेंगळुरूला. तेव्हा दुरुस्त्या इथं असतानाच करून घे आणि मगच कागद भाषांतराला दे. दुसरं, एजंटचा करार. ठरावीक वर्षांच्या आत नोकरी सोडली तर भाषेच्या वर्गाचे आणि विमानाचे पैसे परत द्यायचे, अशी कलमं त्यात असतात. किती वर्षं, किती रक्कम, काळाप्रमाणे ती कमी होते का, हे जर्मन प्रतीत वाच. चांगल्या भरतीत नर्सकडून दलाली घेत नाहीत. अशी चांगली भरती करणाऱ्या संस्थांना जर्मन सरकारचं मानचिन्हही मिळतं, ते आहे का ते विचार. पदवीला तिथं मान्यता मिळेपर्यंत तुला सहायकाच्या पगारावर राहावं लागेल. त्या काळात परीक्षा देणं किंवा प्रशिक्षणाचा कालावधी पुरा करणं, यातलं कुठलं तुला मिळणार ते पत्रात लिहून घे.

कायमचं राहायचं की परत यायचं, हे आत्ता ठरवू नकोस. मान्यताप्राप्त नर्सला साधारण तीन वर्षांनी कायम वास्तव्याचा परवाना मिळू शकतो, त्यासाठी पेन्शनचे हप्ते आणि भाषा लागते. २७ जून २०२४ पासून पाच वर्षांनी नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो आणि जर्मनी जुनं नागरिकत्व सोडायला लावत नाही. पण आपला देश दुहेरी नागरिकत्व मानत नाही, जर्मन झालीस की भारतीय पासपोर्ट जमा करावा लागतो. मी अजून तो दिलेला नाही.

आईला पहिल्या हिवाळ्यात बोलावू नकोस. चार-साडेचारला अंधार पडतो, तू ड्यूटीवर आणि ती खिडकीत बसून राहणार. पुढच्या वर्षी मे-जूनमध्ये बोलाव. नव्वद दिवसांपर्यंतचा व्हिसा मिळतो, तीस हजार युरोंचा आरोग्य विमा काढावा लागतो आणि तिच्या खर्चाची हमी तुला तुझ्या तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयात लिहून द्यावी लागते. त्या कार्यालयातली भेटीची वेळ लवकर मिळत नाही, म्हणून तारीख जानेवारीतच मागून ठेव.